तीनशे तीस किलोंची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट पूर्ण, धंदा मोटारसायकलींच्या सीट आणि प्रवासी पिशव्या शिवणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, दुकानातल्या कापायच्या टेबलावर बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. रक्तदाबाची गोळी सकाळीच घेतली आहे. हे लिहायला मला कोणी भरीस पाडले नाही, कोणी दमदाटीही केली नाही. खरे सांगायचे तर या आठवड्यात गिऱ्हाईक सोडून इथे कोणी फिरकलेलेच नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखेही काही नाही.

वकिलांनी मला छापील नमुना दिला होता. त्यात प्रत्येक वस्तूपुढे दीड इंच रिकामी जागा आहे. माझी गाडी दीड इंचात मावत नाही, म्हणून कोरे कागद घेतले. वकील म्हणाले, "बाई, कारणं लिहायची नसतात. कोणाला काय, एवढंच लिहा." पण कारणे लिहिली नाहीत तर वाचणाऱ्याला म्हातारीचे डोके फिरले असे वाटेल. म्हणून लिहिते.

कलम पहिले. माझे दुकान, त्यामागची राहती खोली आणि मागचे फरशीचे अंगण माझ्या धाकट्या दिरांच्या मुलीला, म्हणजे माझ्या पुतणीला द्यावे. तिने तिथे राहावे, विकावे किंवा भाड्याने द्यावे, माझी काही अट नाही. खोलीच्या खिडकीची खालची कडी सैल आहे. ती वर उचलून मग ओढायची, नाहीतर बोट चेमटते. पुतणीविषयी पुढे येईलच.

कलम दुसरे. माझी जाड शिलाईची मशीन, दोन्ही कात्र्या, फोम कापायची करवत आणि भोके पाडायचा पंच हे सगळे रस्त्यापलीकडच्या सीटवाल्याला द्यावे. मी दुकान उघडले त्या पहिल्याच महिन्यात तो माझ्या गिऱ्हाइकांना सांगत होता, "बायकांनी उशांचे अभ्रे शिवावेत. सीटला मनगटात जोर लागतो." त्याने शिवलेल्या तीसेक सीट तरी मी आजवर उसवून पुन्हा शिवल्या असतील. टाका फार लांब घालतो. माझी मशीन टाका आपोआप आखूड ठेवते, तेव्हा त्याचे भले होईल. मशीन देताना हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम तिसरे. आता गाडी. हे कलम लांब आहे; गाडी कोणाला, ते सहाव्या कलमात.

ही लांबच्या प्रवासाची मोठी मोटारसायकल माझे यजमान हयात असताना आम्ही घेतली. ते ट्रकच्या वजनकाट्यावर कारकून होते. भरलेला ट्रक काट्यावर चढला की आकडा दिसायच्या आधी ते टायरच्या फुगवट्यावरून वजन सांगत, आणि फार तर दोन पोती इकडेतिकडे होत. जास्त माल भरलेला ट्रक त्यांनी कधी पुढे जाऊ दिला नाही. ड्रायव्हर हातापाया पडत, तेव्हा ते म्हणत, "अरे, मी तुला अडवत नाहीये, उतारावर तुझे ब्रेक तुला अडवायला हवेत म्हणून सांगतोय."

आम्हाला मूलबाळ नव्हते. वर्षातून एकदा ते पंधरा दिवसांची रजा काढत, मी दुकानाला कुलूप लावी आणि आम्ही निघत असू. मी मागे बसायची. अकरा वर्षांत गाडीवर काय काय चढत गेले ते सांगते. आधी पुढचा लोखंडी गार्ड. मग दोन्ही बाजूंच्या पेट्या, मग मागची वरची पेटी. मग तंबू, स्टोव्ह, हत्यारांची पिशवी, जास्तीचे पेट्रोल. आणि माझे दगड. मला जिथे जाऊ तिथला एक दगड उचलायची सवय होती. हे म्हणायचे, "आपण फिरायला आलोय की बांधकामाला?" आणि मग स्वतःच जागा करून दगड पेटीत ठेवायचे.

मी एकदा विचारले होते, "अहो, एकदा आपली गाडीपण काट्यावर घालून बघा ना." ते हसून म्हणाले, "घरच्या माणसाला कोण तोलतं?"

माहितीपत्रकावर गाडीचे वजन दोनशे छत्तीस किलो छापले आहे. खाली बारीक अक्षरांत लिहिले आहे, कोरडे वजन. कोरडे म्हणजे पेट्रोल नाही, ऑइल नाही, बॅटरी नाही. म्हणजे जी गाडी सुरूच होऊ शकत नाही तिचे ते वजन. विकत घेणारा तोच आकडा लक्षात ठेवतो. आणि गाडी धावत असते तोवर आकड्याने काही बिघडतही नाही. धावताना ती पिसासारखी असते, वळणावर नुसते तिकडे बघितले तरी वळते. सगळे वजन येते ते थांबताना.

एकोणीस वर्षांपूर्वी, सकाळी अकराच्या सुमारास, एका डोंगराळ कच्च्या रस्त्यावर आम्ही थांबलो. कारण काही विशेष नव्हते. त्यांना नकाशा बघायचा होता. रस्ता डावीकडे उतरता होता. त्यांनी डावा पाय खाली टेकवला, तर जिथे जमीन असायला हवी तिथे ती चार बोटे खाली होती. गाडी तेवढीच कलली. थोडी कलेपर्यंत ती एका हाताने सावरते. त्यापुढे गेली की कोणाच्या बापाला आवरत नाही. मी मागे फेकली गेले आणि मला नुसते खरचटले. ते गाडीखाली सापडले. डावा पाय मांडीपासून आत.

ते शांत होते. म्हणाले, "किल्ली बंद कर." मी केली. "आता हँडल धरून वर ओढ." मी त्यांच्याकडे तोंड करून वाकले आणि हँडल धरून ओढले. गाडी वीतभर उठली आणि माझ्या हातातून सुटून परत त्यांच्या पायावर बसली. असे तीनदा झाले. तिसऱ्या वेळी ते ओरडले. आमच्या सव्वीस वर्षांच्या संसारात मी त्यांना ओरडताना पहिल्यांदा ऐकले. मग त्यांनी माझे मनगट धरले. "राहू दे. तू माणूस शोध."

मी माणूस शोधायला गेले. सहा किलोमीटर चालल्यावर रस्त्याचे काम करणारी माणसे भेटली. त्यांचा ट्रॅक्टर होता. परत येईपर्यंत पाय खाली अडकून अडीच तास झाले होते. दोघांनी गाडी अशी उचलली की जणू खुर्चीच सरळ केली. यजमान शुद्धीवर होते, त्या माणसांशी बोललेसुद्धा. त्यांच्यातल्या एकाला म्हणाले, "तुमच्या ट्रॅक्टरचं मागचं टायर बसलंय बघा."

ते अकराव्या दिवशी गेले. पायामुळे नाही, मूत्रपिंडे बंद पडली. डॉक्टरांनी समजावले की मांसल भाग फार वेळ दाबून राहिला की त्याचे विष तयार होते, आणि दाब निघाला की ते अंगभर पसरते. मी विचारले, "लवकर काढला असता तर?" डॉक्टर भले गृहस्थ होते. म्हणाले, "असं आता नाही सांगता येत. पण वेळ फार गेला, हे खरं."

माझे धाकटे दीर माझ्या शेजारीच उभे होते. डॉक्टर आत गेल्यावर ते भिंतीकडे बघत म्हणाले, "वहिनी, एवढं एक वजन तुम्हाला उचललं नाही?"

 तेरावा दिवस झाला, ते त्यांच्या गावी गेले, आणि त्यानंतर आमचे बोलणे झाले नाही.

गाडी मेकॅनिककडे होती. तो म्हणाला, "विकून टाका, काकू. मी गिऱ्हाईक आणतो." मी नको म्हटले. सात महिने मी पेट्या उघडल्या नव्हत्या. त्या तशाच परत गाडीला लावल्या, टाकी भरली, आणि यजमानांच्या हाताखाली काम केलेल्या गृहस्थांना सांगून मेकॅनिकच्या मदतीने ती ढकलत काट्यावर नेली. काटा ट्रकचा, दहा-दहा किलोंनी मोजणारा. आकडा आला तीनशे तीस. त्यावर आम्ही दोघे बसत होतो ते वेगळेच. माहितीपुस्तकात चालक, मागचा माणूस आणि सामान धरून जास्तीत जास्त किती चालते ते लिहिले होते. आम्ही तेरा किलो पुढे होतो. काट्यावरचे ते गृहस्थ चिठ्ठी फाडून देताना म्हणाले, "साहेबांनी हा ट्रक परत पाठवला असता." बोलून गेले आणि मग त्यांनाच वाईट वाटले.

घरी आल्यावर मी पेट्यांतली एकेक वस्तू ताणकाट्याला अडकवून बघितली. दगड सात किलो चारशे ग्रॅम भरले. त्याहून वाईट गोष्ट नंतर कळली. गाडी आडवी असताना वर राहिलेल्या बाजूची पेटी आणि मागची पेटी किल्लीने निघतात. एकेक मिनिटाचे काम. पेट्यांची आणि गाडीची किल्ली एकच, ती गाडीलाच होती. मीच ती फिरवून बंद केली होती. पेट्या काढायच्या हे मला सुचलेच नाही.

कलम चौथे. बँकेतली माझी सगळी ठेव ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंना द्यावी. कशासाठी ते सांगते.

काट्यावरून आल्यानंतर मी त्यांच्याकडे गेले. त्या मोटारसायकल शिकवतात. उंचीने माझ्या कानापर्यंत येतात, अंगानेही किरकोळ.

"चालवायला शिकायचंय?" त्यांनी विचारले.

"नाही. उचलायला."

त्यांनी गाडी त्यांच्या मैदानात आणवली, वाळूवर आडवी केली आणि म्हणाल्या, "उचला बघू." मी पुन्हा तशीच वाकले आणि हँडल ओढू लागले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "चुकतंय. गाडीकडे पाठ करा. खाली बसा. सीटच्या कडेला कंबर टेकवा. हँडल पूर्ण वळवून एक हात खालच्या मुठीला, एक मागच्या दांड्याला. आता हातांनी काही करायचं नाही. पायांनी मागं चालत या. छोटी पावलं."

मी मागे चालले. गाडी माझ्यामागून उठत आली आणि उभी राहिली. तिने काही त्रासच दिला नाही.

मी ती पुन्हा आडवी करायला लावली, पुन्हा उचलली. घड्याळ लावून बघितले. त्या सकाळी अकरा वेळा उचलली. शेवटी बाई म्हणाल्या, "बास आता. उद्या उठता नाही येणार."

मी म्हटले, "सात सेकंद लागतात."

"हो. सरावानं पाच लागतील." आणि माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांना काहीच ठाऊक नव्हते. मी वाळूत बसले आणि दुपारचे वर्ग सुरू होईपर्यंत तिथेच रडत राहिले.

तेव्हा माझी इच्छा अशी की त्या ठेवीतून बाईंनी, आणि त्यांच्यानंतर जो कोणी ती शाळा चालवेल त्याने, दर महिन्याला एक फुकट तास घ्यावा. त्यात फक्त पडलेली गाडी उचलायला शिकवावे आणि पेट्या कशा काढायच्या ते दाखवावे. तास चालवणाऱ्यांसाठी असावाच, पण मुख्यतः मागे बसणाऱ्यांसाठी असावा. मागे बसणाऱ्याला कोणी काही शिकवत नाही. त्याला फक्त घट्ट धरून बसायला सांगतात.

चालवायलाही मी मग त्यांच्याकडेच शिकले. एक्कावन्नाव्या वर्षी. त्यानंतर सोळा वर्षे दर वर्षी पंधरा दिवस मी एकटी जात होते. एकच पेटी, हलके सामान, दगड नाहीत. कुठे थांबायचे झाले की आधी खाली जमीन बघायची, मग पाय. चहाच्या टपरीवर लोक विचारत, "एकट्याच?" मी म्हणे, "हो." मग ते गाडीकडे बघून विचारत, "केवढ्याची? किती पळते?" वजन किती, हे सोळा वर्षांत एकाही माणसाने विचारले नाही.

कलम पाचवे. माझे धाकटे दीर यांच्यासाठी.

भावजी, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तुम्ही एक प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर राहिले. ते असे की नाही, मला उचलले नाही. मी तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा गाडी त्यांच्या पायावर पाडली. रीत ठाऊक असती तर सात सेकंदांचे काम होते. ठाऊक नव्हती. तुम्हाला ठाऊक होती का, हे मला विचारायचे होते, पण आता तेही राहू दे. ते वाक्य मी एकोणीस वर्षे फार जपले. सीट शिवताना, गाडी चालवताना, जेवताना. त्याने मला सोबतच केली म्हणायची. ते तुमचे तुम्हाला परत करते. यापुढे त्याच्यावर माझा कोणताही हक्क, अधिकार अथवा हितसंबंध राहिलेला नाही. सोबत वजनकाट्याची ती चिठ्ठीही तुम्हाला देते. तुमच्या दादांच्या हाताखालच्या माणसाने फाडलेली आहे. तुम्हाला ठेवावीशी वाटेल.

कलम सहावे. गाडी पुतणीला द्यावी.

तिला मी शेवटची पाहिली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तीन वर्षांपूर्वी एक बाई फाटकी सीट घेऊन दुकानात आली. जमीन मोजणीच्या कामावर आहे, दिवसभर गाडीवर असते म्हणाली. मी सीट उलटी करून बघत होते.

"काकू, ओळखलंत का?"

मी चष्मा वर केला. नाक यजमानांचे.

"बाबांना सांगितलं नाही मी इथे आल्याचं," ती म्हणाली. मग म्हणाली, "बाबा कधीकधी म्हणतात, दादा गेला तेव्हा मी वहिनीला एक वाक्य बोललो. कुठलं ते विचारलं की उठून जातात."

मी म्हटले, "तुझ्या सीटचा फोमच बसलाय. बदलावा लागेल."

फोम बदलेपर्यंत तिने अंगणातली गाडी बघितली. वजन किती, असे विचारले. मी खरेच हातातली कात्री खाली ठेवली. आम्ही गाडी आडवी केली, मी तिला पाठ करून उचलायला शिकवले आणि तिने दुसऱ्या प्रयत्नात उचलली. सहा सेकंद. त्यानंतर ती आणखी एकदा आली. मग तिची बदली लांब झाली. फोन करते म्हणाली होती. कामाचा व्याप असेल.

एकच अट. गाडी ताब्यात घेताना ती पूर्ण सामानानिशी आडवी करावी आणि पुतणीने ती एकटीने उचलावी. त्या वेळी भावजींनी हजर राहून बघावे. हात लावू नये. नुसते बघावे.

कलम सातवे. हे सगळे आताच का लिहीत आहे, असे वकिलांनी विचारले होते. त्यांना मी वयाचे कारण सांगितले. खरे कारण असे की दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी दुपारी अंगणात गाडी फिरवून ठेवताना ती आडवी झाली. मी सगळे रीतसर केले. किल्ली बंद, पेटी काढली, पाठ टेकवली, छोटी पावले. गाडी गुडघ्यापर्यंत आली आणि परत गेली. पाच वेळा. सहाव्यांदा ती जमिनीवरून सुटलीच नाही. मग मी तिथेच, सीटला पाठ लावून, फरशीवर बसून राहिले.

फोन खिशात होता. कोणाला लावावा म्हणून मी नावे खालपर्यंत बघत गेले. "निळी सीट." "फाटकी बॅग." "लाल गाडी, चेन तुटलेली." बँक. गॅसवाला. पुन्हा "निळी सीट," दुसरी. सावली भिंतीवर चढेपर्यंत बघत होते. मग शेजारच्या चष्म्याच्या दुकानाची पाटी दिसली, तिच्यावर नंबर होता, तो लावला.

"तुमच्याकडे पाच मिनिटं आहेत का?" मी विचारले.

चष्मेवाले आणि त्यांच्या मिसेस दोघेही पायांत चपला न घालता धावत आले. तिघांनी मिळून गाडी उभी केली. ते धापा टाकत म्हणाले, "केव्हाची पडलीये?"

"दीड वाजल्यापासून."

"अहो, मग हाक नाही का मारायची?"

"रविवार ना. दुकान बंद होतं तुमचं."

"दुकान बंद असलं तरी आम्ही वरच राहतो, बाई," त्यांच्या मिसेस म्हणाल्या. "अठरा वर्षं झाली."

मला ठाऊक नव्हते. वर दिवा असतो हे दिसे. कोण राहते हे मी कधी विचारले नव्हते.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी चष्मेवाल्यांनी करावी, त्यांनी तसे कबूल केले आहे. दोघे साक्षीदारही आहेत. साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकील म्हणतात, म्हणून त्यांच्या नावाने इथे काही नाही; त्याचे त्यांनी मनाला लावून घेऊ नये.

कलम आठवे व शेवटचे. माझ्या देहासाठी कोणताही विधी करू नये, कोणाला लांबून बोलावून खोळंबून राहू नये. आमची गल्ली अरुंद आहे, मोठी गाडी आत येत नाही, त्यामुळे कोपऱ्यापर्यंत मला हातांवरच न्यावे लागेल. साधारण साठ पावले आहेत. गेल्या आठवड्यात दवाखान्यात वजन केले, ते त्रेचाळीस किलो भरले. दोन माणसे सहज नेतील.

चार आली तर मला बरे वाटेल.

वरील आठही कलमे मी स्वतः लिहिली, वाचली आणि मला मान्य आहेत. दोन ठिकाणी खाडाखोड आहे, तिथे सही केली आहे.

(सही) लिहून देणार, सीटवाल्या बाई

आम्ही दोघांनी त्यांना आमच्यासमोर सही करताना पाहिले आणि त्यांच्यासमोर आम्ही सह्या केल्या.

(सही) साक्षीदार पहिला, चष्म्याचे दुकानदार, राहणार दुकानाच्या वर
(सही) साक्षीदार दुसरी, त्यांच्या पत्नी, राहणार तिथेच

स्थळ: दुकानातले कापायचे टेबल
दिनांक: नऊ फेब्रुवारी, सोमवार, दुपारी चार